पाकिटातली माय

अकोला, ६ मार्च १९३८

डबा उघडला शेवटी. ह्यांचा बिस्किटांचा डबा — आत सिगारेटच्या पाकिटांतून निघालेली चित्रं. झाकण गंजलं होतं, चमच्याने उचकटावं लागलं. तंबाखूचा वास अजून तसाच. वाटलं होतं, त्या वासाने तरी काही होईल. काही झालं नाही. चहा उतू गेला होता, तो पुसला.

जेवण झालं की हे मागच्या पायरीवर उभं राहून एकच सिगारेट ओढायचे. घरात वास नको म्हणून. पाकीट संपलं की आतलं चित्र खिशात. कापसाच्या प्रेसिंग फॅक्टरीच्या हापिसातले दुसरे लोक फेकून द्यायचे, तीही उचलून आणायचे. रविवारी पलंगावर मांडून बसायचे — सगळे देश, एकेका देशाचा एकेक माणूस. "मांगचं वाचून दाखव व जरा. तुयं कॉन्व्हेंट काय कामाचं?" मी म्हणायची, नंतर. कणीक भिजवायची असायची. नंतर, नंतर करत इतकी वर्षं गेली आणि मी एकही चित्र धड पाहिलं नाही.

आज वाचली. हॉलंड म्हणजे लाकडी जोडे आणि पवनचक्की — 'स्वच्छ, मंद, पैशाला धरून.' तुर्क म्हणजे सुटलेलं पोट आणि हुक्का — 'आळशी, परंतु शूर.' चिन्याची वेणी जमिनीपर्यंत, डोळे नुसत्या दोन रेघा — 'धूर्त.' एका देशाला एक माणूस, एका माणसाला एक वाक्य. तळाशी कंपनीचं पालुपद, की सर्व राष्ट्रांचं एकाच गोष्टीवर एकमत आहे — आमची सिगारेट!

आयर्लंडपाशी थांबले. हिरवा कोट, लालभडक नाक, काखेत डुक्कर. 'आनंदी, भांडखोर, कामाचा कंटाळा.' आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर ब्रिजिट आयर्लंडच्या. मला गोवर आला तेव्हा माझे तळपाय मांडीवर घेऊन खोबरेल चोळत बसायच्या. कामाचा कंटाळा केलेला मी तरी पाहिला नाही. नाक मात्र लाल होतं — नागपूरच्या उन्हाळ्यातसुद्धा त्यांची सर्दी हटायची नाही.

पुढची पाहवली नाहीत. झाकण लावलं.

७ मार्च

दूध नासलं. एकटीला अर्धा शेर फार होतं.

१० मार्च

सूर्यभान डोक्यात येतो आहे.

माझा एकुलता भाऊ, धाकटा. अमरावतीला कॅम्पाजवळ मळा करतो, आमच्या बाबांचाच. डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरने सांगून टाकलं — गेलं ते गेलं, राहिलं आहे ते किती टिकेल सांगता येत नाही. बाजूचं त्याला दिसतच नाही आता. समोरचं तेवढं, बांबूच्या नळीतून पाहावं तसं.

ह्यांच्या तेरवीला आला होता. भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोसमोर मान तिरकी करून करून बराच वेळ बसला. मग म्हणाला, "अक्का, माय कशी होती व?"

माय गेली तेव्हा तो पाळण्यात होता. त्याला काहीच ठाऊक नाही. मायचा फोटो नाही, काही नाही. मी म्हटलं, प्रेमळ होती. कष्टाळू होती. कोणाला दुखावलं नाही कधी.

"थे तं सगयाइच्याच माया असतात," तो म्हणाला. "आपली कशी होती?"

घर पाहुण्यांनी भरलेलं, डोकं रिकामं. जाताना म्हणाला, "आखाजीले येजो. डोये हायेत तोवर एक आखाजी संगं करू."

आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, आम्ही पितरांची घागर भरतो. मायची त्याने आजवर कितीदा भरली असेल. चेहरा माहीत नसलेल्या बाईची घागर.

१६ मार्च

होळी. यंदा आपल्याकडे काही नाही. शेजारच्या बेबीताईने दारातूनच विचारलं, "काही लागते काय व काकू?" नाही म्हटलं.

करायला काही नव्हतं म्हणून डबा काढला. स्पेन झालं, रशिया झालं. मग 'इंडिया'.

एक बाई. लाल घागरा, उघडं पोट, नाकात बांगडीएवढी नथ. एक हात डोक्यावर, एक कमरेवर — नाचते आहे म्हणे. पायाशी टोपली आणि टोपलीतून फणा काढलेला नाग. मला हसूच येणार होतं. तेवढ्यात कमरेवरच्या हाताकडे लक्ष गेलं.

करंगळी वाकडी.

मनगटाच्या वर गोंदण. तुळशीचं रोप, आणि रोपाबाहेर घसरलेला एक ठिपका. गोंदणारीण टोचत असताना माय शिंकली होती, म्हणून तो ठिपका. मी तिच्या मांडीवर बसून तो बोटाने पुसायला बघायची. थुंकी लावून.

मग वर तोंडाकडे पाहिलं. मायच. खालचा ओठ आत घेतलेला.

मागे लिहिलं आहे — 'हिंदू नर्तकी. ही जात स्वभावाने सुस्त, दागिन्यांची लोभी, आणि सर्पांमध्ये निर्भयपणे वावरणारी असते.'

माय अंधारात पडवळालासुद्धा दचकायची.

रडू यायला हवं होतं. मी उठून भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

१८ मार्च

मला आठवतं ते असं —

माय कॅम्पातल्या बंगल्यांवर भाजी द्यायची. मी बरोबर. जाताना चालत, येताना कधीकधी रिकाम्या टोपलीत बसून तिच्या डोक्यावर. कोथिंबिरीची जुडी पाण्यात बुडवून भाजीवर झटकायची, थोडं माझ्या तोंडावर. मिरची घेणाऱ्याला ती तिखट आहे की नाही हे आधी स्वतः चावून सांगायची. डोळ्यांतून पाणी, आणि वर म्हणायची, "गोड हाये!"

एका बंगल्यातली मेम फोटो काढायची. तीन पायांचा खोका, डोक्यावर काळं कापड. माय तिला 'बुरख्याची मेम' म्हणायची. एके दिवशी माझ्याशिवाय तिथे गेली, आली ती हसत. बाबा त्या संध्याकाळी कोणाशी बोलले नाहीत. एवढंच.

मायला नकला यायच्या! हे मी विसरूनच गेले होते. घरी आली की टोपली उपडी डोक्यावर — झाली मेमची टोपी. नाक वर, ओठ आत. अंगणात पाय मोजत चालायची. "बोऽय! नो गुड! भेंडी नो गुड!" गोदामावशी आली असली की हसून हसून भिंतीला टेकायची.

त्याच वर्षी मला नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये ठेवलं. बोर्डिंगात. सिस्टर भूगोल शिकवायच्या — कोणत्या देशाचे लोक कसे. मी घडाघडा म्हणून दाखवायची. चिनी उद्योगी पण लबाड, तुर्क क्रूर, हिंदू सौम्य परंतु आळशी. त्याबद्दल मला बक्षीस मिळालं होतं — सोनेरी कडांचं बाळ येशूचं चित्र. सुट्टीत मायला दाखवलं. सूर्यभान तेव्हा नुकता झालेला, तिच्या कडेवर.

"कोनाचं लेकरू होय व?" माय म्हणाली. "गुटगुटीत हाये. आपल्या सूर्यभानपेक्षा."

ती शेवटची सुट्टी. पुढल्या उन्हाळ्यात पटकी आली. मला कळवलं ते सगळं आटोपल्यावर. सिस्टर ब्रिजिटने प्रार्थनेला नेलं. मी बाळ येशूकडे बघत बसले. तेव्हाही काही वाटलं नव्हतं, आता आठवतं.

२५ मार्च

सूर्यभानला हे दाखवायचं का?

त्याला आईचा चेहरा हवा आहे आणि तो माझ्याजवळ आहे. त्याची नजर जायच्या आत दाखवला नाही तर कधीच नाही. आणि दाखवला, तर त्याच्या डोळ्यांत शेवटचं काय राहील? उघड्या पोटाची, नागाशेजारी नाचणारी बाई. विडीकाडीच्या दुकानात, कोणाकोणाच्या खिशात, कुठल्याकुठे विलायतेत — किती जणांनी पाहिली असेल! आणि मागचं ते वाक्य वाचलं असेल.

हे असते तर विचारलं असतं. ह्यांनी मायला पाहिलं नव्हतं, ह्यांना कळलंच नसेल. पलंगावर मांडताना 'इंडिया' कुठे ठेवत होते कोण जाणे. तुर्काशेजारी असेल.

१ एप्रिल

पाडवा. गुढी नाही.

किसनराव पेंटरकडे जाऊन आले. सिनेमाच्या पाट्या रंगवतो, आणि गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून देतो. त्याला सांगितलं, एका ओळखीच्या बाईची आई आहे. त्याने चित्र हातात घेतलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा चित्राकडे.

"माय होय ही?"

"तोंड तेवढं घ्या. बाकीचं —"

"समजलं, बाई. घरंदाज करून देतो."

२ एप्रिल

काल चित्र त्याच्याकडेच ठेवून आले. घरी आल्यावर वाटलं, हरवलं तर? पुन्हा गेले नाही.

१४ एप्रिल

मायचं चित्र आणलं. मोठं, चौकटीत. लहानही परत मिळालं.

हिरवं जरीकाठी लुगडं, डोक्यावर पदर, हातात आरतीचं तबक, मागे तुळशीवृंदावन. रंगाने गोरी केली आहे. गोंदण नाही. ओठ मिटलेले. करंगळी सरळ!

"वाकडी होती. नीट केली," किसनराव म्हणाला. त्याला वाटलं मी खूश होईन.

दुकानात आणखी तिघांच्या माया वाळत ठेवल्या होत्या. एक तेल्हाऱ्याच्या सावकाराची, एक कोणा मास्तरांची, एक कोणाची ते विचारलं नाही. चौघींच्या हातात तेच तबक. चौघींच्या मागे तेच वृंदावन. हिच्यामागे काय लिहायचं तेही मला पाठ आहे — प्रेमळ, कष्टाळू, कोणाला दुखावलं नाही.

भिंतीवर लावून पाहिलं. ह्यांच्या फोटोशेजारी ती कोणीतरी पाहुणी वाटली. उतरवून ठेवलं.

१५ एप्रिल

ऊन फार. जेवले नाही. कारण काही नाही.

अमरावती, २८ एप्रिल

आले. बडनेऱ्याला गाडी बदलताना दोन्ही चित्रं छातीशी धरून उभी होते — मोठं जुनेरात गुंडाळलेलं, लहान चोळीत. हमाल म्हणाला, "द्या व बाई, धरतो." दिलं नाही.

सूर्यभान मळ्यातच होता. काकडीच्या वेलांत बसून हातांनी चाचपून काकड्या तोडत होता. पानाआडची एकही सुटत नव्हती. मी हाक मारली तर म्हणाला, "उजेडात ये. हां — दिसली. अर्धीच दिसून राह्यली व. बाकीची कुठं ठेवून आली?"

"अकोल्याला," मी म्हटलं. "तुझ्या भाऊजींपाशी."

तो हसणार होता, हसला नाही. वच्छलाने, त्याच्या बायकोने, पाणी आणलं. "लय वाळल्या व तुमी, अक्काबाई. तिथं कोन पाह्यते तुमाले? इथंच राहा आता." मी पाणी प्यायले.

जेवताना तो भाकरी ताटात शोधतो. वच्छला न बोलता ताट थोडं फिरवते. पूर्वीपासूनच असं जेवत असावेत इतकं सहज.

चित्रं काढली नाहीत. ट्रंकेत आहेत.

३० एप्रिल

गोदामावशी आली, शेंदूरजनाघाटहून, आखाजीसाठी. मायची धाकटी बहीण, आता ऐंशीला टेकलेली. कान गेले, डोळे शाबूत. सूर्यभानच्या उलटं.

दुपारी तो विहिरीवर गेल्यावर तिला मागच्या पडवीत नेऊन लहान चित्र दाखवलं. वाटलं होतं, हाय खाईल. तिने ते उन्हात धरलं, आणि पोट धरून हसायला लागली.

"अव माय! पार्बता! अन् हा नाग कोनं देला तिले? टोपलीत तं कांदे होते तवा!"

"मावशी, तुला ठाऊक होतं?"

ओरडून विचारावं लागलं. मग तिने सगळं सांगितलं, कान गेलेली माणसं सांगतात तसं मोठमोठ्याने. मेमने पेटीतून घागरा काढून दिला, नथ दिली. अशी उभी राहा, तशी उभी राहा. माय हसू दाबता दाबता बेजार. "घरी आली तं हासून हासून लोयली. म्हने, मी रोज मेमची नक्कल करतो, आज मेमनं माई केली!"

"मग बाबा का बोलले नाहीत त्या दिवशी?"

मावशीचं हसू थांबलं. "थो काहून बोलते? पोरगी जाईन म्हणून जीव जाऊन राह्यला होता त्याचा."

"त्याचा इथे काय संबंध?" मी तिच्या कानाशी विचारलं.

"मेम म्हने, तसबीर काढू दे, काय पाह्यजे थे मांग. दुसरी असती तं लुगडं मांगती. तुया मायनं तुई शाळा मांगितली. मेमनंच नागपूरले चिट्ठी देली. नाई तं भाजीवालीच्या पोरीले कोन घेते तिथं?"

मी चित्र परत घेतलं. उलटं करून पाहिलं. ते वाक्य तसंच आहे. ते मला वाचता येतं. ती तशी उभी राहिली म्हणून येतं.

मावशी म्हणाली, "काय झालं व?"

काही झालं नव्हतं. पडवीत कांदे पसरलेले होते, त्यातले कुजके मी वेगळे काढायला लागले.

१ मे

उद्या देते त्याला. दोन्ही. कोणती ठेवायची ते त्याने ठरवावं.

२ मे, आखाजी

घागरी भरल्या. मायच्या घागरीवर खरबूज ठेवलं. जेवणं झाल्यावर सूर्यभानला अंगणात उजेडाला बसवलं आणि आधी मोठं चित्र समोर धरलं. मान तिरकी करून त्याने सगळं पाहिलं, कोपऱ्या-कोपऱ्याने.

"कोन होय ही?"

मग लहान दिलं. त्याने ते बोटांनी चाचपलं आणि न बघताच परत माझ्या हातात ठेवलं. बंडीच्या खिशातून चुन्याची जुनी डबी काढली. आत तेच चित्र — कडा झिजून कापडासारख्या मऊ झालेलं.

"बाबाले बाजारात कोनं सिगारेट देली होती, त्या पाकिटात निंगाली. मरायच्या आदी मले देली. म्हने, अक्काले दाखवू नको, तिले मांगचं वाचता येते." डबी बंद केली. "मांगं काय लिवलं हाये, मी कोनाले इचारलं नाई. तू बी सांगू नको. ही मले पाठ हाये, अक्का. मले घरातली सांग."

काकडीची रिकामी टोपली तिथेच पडली होती. मी ती उपडी डोक्यावर घेतली. नाक वर. ओठ आत. आणि अंगणातून चालत गेले, पाय मोजत — "बोऽय! नो गुड! भेंडी नो गुड!"

पडवीतून गोदामावशी ओरडली, "पार्बता आली व!"

सूर्यभान आवाजाच्या रोखाने तोंड फिरवत होता.

"अजून," म्हणाला.